पडवींतील ब्रह्मकमळ

मृगाचा पाऊस स्थिरावला, परसांतील विहिरी भरूं लागल्या आणि शेतांत लावणीची धांदल उडाली, कीं कुडाळ-मालवण भागांतील पुष्कळ घरांत आणखी एका गोष्टीची वाट पाहिली जाते. पडवीच्या कडेस टांगलेल्या अथवा तुळशीवृंदावनाच्या आडोशास ठेवलेल्या कुंडींत, हिरव्या पट्ट्यासारख्या पानाच्या खांचेंतून एक तांबूस टोंक बाहेर आलेलें असतें. तें दिवसेंदिवस लांबत जातें, खालीं लोंबतें, आणि एके दिवशीं त्याची मान वर वळते. त्या सायंकाळीं घरांतील मूल शेजारच्या वाडींत धांवत जाऊन सांगतें, “आज रातीक आमच्या हय ब्रह्मकमळ फुलतलां, बघूक येवा.” रात्रीं दहाच्या सुमारास शेजारीपाजारी पडवींत जमतात. बाया हळदकुंकू आणतात, म्हातारीं माणसें पाटावर बसून राहतात, मुलें डोळे चोळीत जागतात. आणि सर्वांच्या देखत तें वीतभर लांबीचें शुभ्र फूल उमलत जातें. उजाडतें तों त्याची मान पडलेली असते.

परंतु याच वाडींत अशींही घरें असतात, कीं जेथें त्याच रोपाचें पान नेऊन लावलें, त्यास पांच-सहा वर्षें झालीं, कुंडी पानांनीं भरून गेली, आणि तरी कळीचा पत्ता नाहीं. कांहीं घरीं तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यांतच खोड बुडाशीं मऊ पडून रोप बसतें. मग कारणें शोधलीं जातात. रोप विकत आणलें म्हणून फुललें नाहीं, मागून आणावयास हवें होतें. घरांत सोंवळें पाळलें गेलें नाहीं. नव्या सुनेच्या हाताला गुण नाहीं. यांतील शेवटचें कारण पुष्कळदां ऐकूं येतें, आणि ज्या घरांत तें बोललें जातें तेथें तें नुसतें बोलणें राहत नाहीं. वस्तुतः दोष हाताचा नसून जागेचा व पाण्याचा असतो, आणि तो एक-दोन ऋतूंत दुरुस्त करतां येतो. त्यासाठीं हें झाड मूळचें कोण व कोठलें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

नांवापासूनच घोटाळा आहे. केदारनाथ-बदरीनाथाच्या यात्रेकरूंच्या तोंडीं ज्या ब्रह्मकमळाचें नांव असतें, तें हिमालयांत सुमारें साडेतीन ते साडेचार हजार मीटर उंचीवर, दगडधोंड्यांत व गवतांत उगवणारें रोप आहे. शास्त्रज्ञ त्यास सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा म्हणतात. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्या कुळांतलें तें. त्याचीं खरीं फुलें बारीक व जांभळीं असून त्यांच्या भोंवतीं फिकट हिरवट-पिंवळ्या, कागदासारख्या पातळ पानांची ओंजळ असते. त्या ओंजळीलाच लोक पाकळ्या समजतात. उत्तराखंड राज्यानें याच फुलास राज्यपुष्पाचा मान दिला आहे. देवाला वाहण्यासाठीं व औषधासाठीं त्याची खुडणी इतकी होते, कीं तें आपल्या मूळच्या जागींही विरळ होत चाललें आहे. कुडाळच्या दमट उकाड्यांत तें कुंडींत जगावयाचें नाहीं.

पडवींतील झाड तें नव्हेच. हें निवडुंगाच्या कुळांतलें. दक्षिण मेक्सिको व त्याला लागून असलेला मध्य अमेरिकेचा प्रदेश हें त्याचें माहेर. द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२८ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें, आणि पुढल्याच वर्षीं हॉवर्थ या इंग्रज पंडितानें त्यास एपिफायलम या गणांत घातलें. त्याचें पूर्ण नांव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. यांतील पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘पानावरचें’ असा होतो, कारण फूल पानावर उगवल्यासारखें दिसतें. परंतु निवडुंगाला असें रुंद पान कोठलें? आपण ज्यास पान म्हणतों तें चपटें झालेलें खोड आहे. त्याच्या कडेला ज्या खांचा असतात, तेथें इतर निवडुंगांस कांटे येतात; येथें कांटे जवळजवळ नाहींसे झाले असून त्याच खांचेंतून कळी अथवा नवें पान फुटतें. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली, म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

एवढ्यावरून कोणी हिरमुसलें होण्याचें कारण नाहीं. दसऱ्याच्या तोरणांतला झेंडू मेक्सिकोचा, लग्नांतील हारांतला निशिगंध मेक्सिकोचा, आणि देवळाच्या आवारांत वर्षानुवर्षें उभा असलेला पांढरा चाफाही त्याच बाजूचा. देवाजवळ यांपैकीं कोणाचीही जात कधीं विचारली गेली नाहीं. कुडाळ-सावंतवाडीकडील बायकांच्या वेणींतली अबोली मात्र आपल्या देशची. ब्रह्मकमळ हें नांव लोकांनीं प्रेमानें दिलें आहे व तें आतां सुटणार नाहीं. केरळांत याच फुलास निशागंधी म्हणतात, तें अधिक नेमकें आहे. चिनी लोकांत तर क्षणभर दिसून नाहींशा होणाऱ्या वैभवाला या फुलाची उपमा देण्याची म्हणच पडून गेली आहे. अलीकडे सांगली-सोलापूरकडे ज्याच्या बागा झाल्या, तें ड्रॅगन फ्रूटही याच कुळांतलें व रात्रींच फुलणारें. गुजरात सरकारनें २०२१ सालीं त्यास ‘कमलम्’ असें नांव दिलें. निवडुंगाला कमळ म्हणण्याची हौस एकट्या कोंकणालाच आहे असें नाहीं, एवढें यावरून दिसतें.

आतां निवडुंग म्हटला, कीं डोळ्यांपुढें देशावरचा माळ, रखरखीत ऊन व कोरडी जमीन उभी राहते. कांहीं लोक हें ऐकून कुंडी गच्चीवर भर उन्हांत नेऊन ठेवतात, आणि आठवड्याभरांत पानें पिंवळीं पडून करपतात. ही दुसरी चूक. हा निवडुंग माळावरचा नसून रानांतला आहे. उंच वृक्षांच्या बेचक्यांत पालापाचोळा साठून कुजतो, त्यांत हा मूळ धरतो. कोंकणांतल्या आंब्या-फणसांवर सीतेच्या वेणीचें आमर जसें बसलेलें असतें, तसाच याचा संसार. तो झाडाचा रस शोषीत नाहीं, केवळ बैठक घेतो. त्या बैठकींत त्याला काय मिळतें, हें मनाशीं आणून पाहावें. वरच्या पानांतून गाळून आलेलें ऊन मिळतें. भर दुपारचें मिळत नाहीं, पण अंधारही नसतो. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी मुळांशीं थांबत नाहीं, क्षणांत ओघळून जातें. माती फार थोडी, तीही भुसभुशीत. हवा दमट. आणि वर्षांतून कांहीं महिने पाऊस नसल्यामुळें सक्तीचा उपवास. घरांत ही बैठक जितकी साधेल, तितकें झाड सुखी.

प्रथम जागेचा विचार. कौलारू घरांतील माजघर थंड व काळोखी असतें, तेथें हें झाड जगेल पण फुलणार नाहीं. उजेड कमी पडला, कीं रुंद पानांऐवजीं दोरीसारखे बारीक, लांबच लांब शेंडे सुटूं लागतात. तें झाडाचें गाऱ्हाणेंच समजावें. ज्या पडवीला पूर्वेचें तोंड आहे व जेथें सकाळचें ऊन दोन-तीन घटका पडतें, ती जागा उत्तम. इमारतींतील बिऱ्हाड असेल तर पूर्वेकडील खिडकी किंवा सज्जा पाहावा. पश्चिमेचाच सज्जा असेल तर फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दुपारीं पडदा अथवा झांप आडवी करावी. पानांवर तांबूस झांक येऊं लागली तर ऊन जास्त होत आहे, आणि पानें गडद हिरवीं, लांब व मऊ होऊन लोळूं लागलीं तर कमी पडत आहे. न फुलणाऱ्या बहुतेक कुंड्यांचें रहस्य या एका गोष्टींत आहे. देव्हाऱ्याशेजारीं मान म्हणून ठेवलेलें ब्रह्मकमळ फुलत नाहीं आणि न्हाणीच्या मागें टाकून दिलेलें फुलतें, याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. न्हाणीच्या मागें आकाश दिसतें.

कुंडी मातीची असावी, कारण तिच्या अंगांतून ओल बाहेर पडते. मोठी कुंडी दिली म्हणजे झाडावर उपकार केले असें नव्हे. मोठ्या कुंडींत झाड मुळें व पानेंच वाढवीत राहतें. आठ-दहा इंच तोंडाच्या कुंडींत मुळें जरा दाटलीं, कीं तें फुलाकडे वळतें. तळाच्या भोंकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवून त्यावर चिऱ्याचे किंवा विटेचे खडे तीन बोटें भरावे. वरचें मिश्रण करतांना कुडाळकडील तांबडी माती एकटी वापरूं नये. ती पावसांत चिकट होते व उन्हाळ्यांत चिऱ्यासारखी आवळते. एक भाग माती, एक भाग नदीची जाडी वाळू, एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा अथवा जुनें शेणखत, आणि त्यांत ओंजळभर नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे व थोडे कोळशाचे खडे, असें मिश्रण ठीक उतरतें. सोडणें आधीं दोन-तीन दिवस पाण्यांत भिजवून, पाणी बदलून, त्यांचा तांबडा रस काढून टाकावा. वाळू समुद्रकांठची घेण्याचा मोह मालवण-वेंगुर्ल्याकडे होतो, तो आवरावा. तिच्यांतील मीठ मुळांस बाधतें.

पाण्याची गोष्ट सर्वांत नाजूक. सिंधुदुर्गांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. मेक्सिकोच्या रानांतल्या फांदीवर एवढें पाणी सोसतें, कुंडींत सोसत नाहीं. म्हणून ज्येष्ठांत कुंडी वळचणीच्या आंत घ्यावी. पागोळ्या जेथें पडतात त्या रेषेंत तर ती कधींच असूं नये. कौलांवरून येणारी ती धार माती उकरते व बुंध्याशीं डबकें करते. कुंडीखालीं बशी ठेवण्याची शहरी चाल पावसाळ्यांत सोडावी. वर्षांतील बाकीच्या काळांत एकच कसोटी पुरे आहे: बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातींत घालून पाहावें, ओल लागली तर पाणी घालूं नये, कोरडें लागलें तर तळांतून निथळेपर्यंत घालावें. रोज पूजेच्या तांब्यांतलें उरलेलें पाणी कुंडींत ओतण्याची संवय चांगल्या बुद्धीची असली, तरी याच भक्तीनें पुष्कळ ब्रह्मकमळें कुजलीं आहेत.

मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने झाडाच्या उपवासाचे. तेव्हां आठ-दहा दिवसांतून एकदां थोडेंसें पाणी, आणि खत मुळींच नाहीं. पानें किंचित् सुरकुतलीं तरी घाबरूं नये. हा विश्रांतीचा काळ ज्यास मिळत नाहीं, तें झाड बाराही महिने पानेंच काढीत राहतें, आणि घरचीं माणसें कळीची वाट पाहत पाणी वाढवीत राहतात. माघ संपतां संपतां पाणी हळूहळू पूर्ववत् करावें व पंधरवड्यांतून एकदां पातळ शेणकाला, मधून मधून चमचाभर हाडांचा चुरा द्यावा. युरियासारखें खत दिल्यास पानें तजेलदार होतील, फुलें मात्र येणार नाहींत.

कळी दिसूं लागल्यापासून उमलेपर्यंत सुमारें तीन ते चार आठवडे जातात. या अवधींत एकच नियम: कुंडी जागची हलवूं नये आणि फिरवूं नये. कळी मोठी झाली म्हणून ती कौतुकानें ओटीवर आणून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशीं ती पिंवळी पडून गळावी, असें वारंवार घडतें. उजेडाची दिशा एकाएकीं बदलली, माती अगदीं कोरडी पडली किंवा चिखल झाली, कीं झाड प्रथम कळ्याच टाकतें. दहा कळ्या धरून चार टिकल्या तरी तें वाईट नव्हे. कळीचा देठ वाकून तोंड वर वळलें आणि कळी फुगीर दिसूं लागली, कीं एक-दोन दिवसांत फूल समजावें.

मग ती रात्र. दिवेलागणीनंतर बाहेरच्या अरुंद तांबूस पाकळ्या सुटूं लागतात, नऊच्या पुढें आंतील पांढऱ्या पाकळ्या विलग होतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास फूल पूर्ण उमलतें. आंत केसरांचा दाट झुबका, आणि त्यांतून पुढें आलेला अनेक बोटांचा पांढरा तारा. यांतच भाविकांना शेषशायी विष्णु किंवा ब्रह्मदेव दिसतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तो तारा म्हणजे पराग झेलणारी फुलाची जीभ. एवढा थाट माणसांसाठीं केलेला नसतो. मूळच्या रानांत लांब सोंडेचे मोठे पतंग, ज्यांस इंग्रजींत ससाण्याचें नांव आहे, रात्रीं हिंडतात. अंधारांत दिसावें म्हणून पांढरा रंग, दुरून कळावें म्हणून सुगंध, आणि त्याच सोंडेला पोंचेल असा खोल मध. आपल्याकडील पारिजातक, सोनटक्का, रातराणी यांचाही हाच मार्ग आहे. घरोघरचीं रोपें पानावरून पानावर केलेलीं, म्हणजे बहुधा एकाच झाडाचे तुकडे असल्यामुळें, त्यांस एकमेकांचा पराग चालत नाहीं व आपल्याकडे फळ क्वचितच धरतें.

बारा वर्षांतून एकदां फुलतें, फुलतांना पाहिलें कीं मनांतली इच्छा पुरी होते, अशा गोष्टी ऐकूं येतात. पहिली तर उघड चुकीची; रुळलेलें झाड दरवर्षीं, आणि एका पावसाळ्यांत दोन-तीनदांही फुलतें. दुसरीविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं, परंतु ती न फुलणाऱ्या कुंडीच्या मालकिणीला दुहेरी जाचते, हें सांगितलें पाहिजे. पूजा करावयाची असेल तर फूल झाडावर असतांनाच करावी. तें खुडून सकाळच्या पूजेसाठीं ठेवणारांच्या हातीं ओल्या चिंधीसारखें कांहींतरी उरतें. उदबत्तीही फुलाच्या अगदीं तोंडाशीं धरूं नये. हें झाड रात्रीं खोलींतील हवा शुद्ध करतें असें आतां पुष्कळ छापून येतें. निवडुंगाचीं रंध्रें रात्रीं उघडतात व तेव्हां तो कार्बन डाय-ऑक्साइड आंत घेतो, हें खरें. पण एका कुंडीनें खोलीच्या हवेंत जाणवेल असा फरक पडत नाहीं.

ज्यांना रोप करावयाचें असेल त्यांनीं फुललेल्या घरून, जुनें व घट्ट पान वीतभर कापून आणावें. बुडाकडील टोंकास खूण करावी, उलटें लागलें तर मूळ धरण्यास अडचण पडते. पान तेंच सायंकाळीं मातींत खोंचण्याची घाई करूं नये. सांवलींत सहा-सात दिवस ठेवून कापलेली कड सुकूं द्यावी, म्हणजे ती कुजत नाहीं. नंतर दोन बोटें खोल, वाळू अधिक असलेल्या मातींत लावून काठीचा आधार द्यावा व पहिले दहा दिवस नुसता ओलसरपणा ठेवावा. महिन्या-दीड महिन्यांत मुळें येतात. कोंकणांत पानें पावसांतच लावण्याचा परिपाठ आहे, आणि तीं बहुधा लागतातही. तथापि अश्विन-कार्तिक किंवा माघ-फाल्गुन हा काळ अधिक भरंवशाचा. फूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं येतें. परसांत आंबा किंवा माड असल्यास, एक-दोन पानें काथ्यांत गुंडाळून सोपटाच्या दोरीनें खोडाला बांधून पाहावीं. तेथें हें झाड आपल्या माहेरच्या रीतीनें वाढतें आणि पाणी सांचण्याची भीति उरत नाहीं.

शत्रू फारसे नाहींत. पानांच्या खांचांत कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग कुंडीवर चढूं लागली, कीं त्याचा शोध घ्यावा, कारण त्या त्याच्या गोड रसासाठीं त्याला संभाळतात. कापसाचा बोळा स्पिरिटांत बुडवून ते ठिपके पुसावे, व नंतर साबणाच्या पातळ पाण्यानें पानें धुवावीं. पावसाळ्यांत गोगलगायी रात्रीं येऊन कोंवळे शेंडे व कळ्या कुरतडतात. राख किंवा चुना भोंवतीं टाकण्याचा उपाय आषाढाच्या ओलींत टिकत नाहीं. दिवा घेऊन वेंचणें हाच खरा उपाय, किंवा कुंडी टांगून ठेवावी. बुडाशीं मऊ पडलेलें खोड मात्र वाचत नाहीं. तेथें वेळ न घालवितां वरची निरोगी पानें कापून नवीं रोपें करावीं, म्हणजे झाड गेलें तरी जात राहते.

फुलून गेलेल्या फुलाचा देठ दोन-तीन दिवसांत आपण होऊन सुटतो, तो ओढूं नये. ज्या खांचेंत एकदां फूल आलें तेथें पुन्हां येत नाहीं, परंतु त्याच पानाच्या दुसऱ्या खांचा पुढल्या वर्षीं फुलतात. म्हणून जुनीं, खरखरीत झालेलीं पानें कुरूप दिसतात म्हणून कापून टाकूं नयेत. छाटावयाचे ते दोरीसारखे बारीक शेंडे. तीन-चार वर्षांनीं माती बदलावी, तीही बहर सरल्यावर, पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास. आणि जुन्या कुंडीपेक्षां नवी एक-दोन बोटेंच मोठी घ्यावी.